न पाठवता आलेला माणूस

दारावरची घंटा १९ जूनला बसली. घंटा, वायर, बटण आणि वायरमनची मजुरी मिळून चारशे पंधरा रुपये झाले. ताईंनी ते तिथल्या तिथे चुकते केले. कुणाचे काही अंगावर ठेवणे त्यांना जमत नसे.

घंटा मीच आणून दिली होती. दुकानदाराकडे दोन प्रकार होते. एकीत चिमण्यांचा चिवचिवाट होता, दुसरीत नुसती कर्कश ट्रिंग. मी आपली चिमण्यांची नेली. ताईंनी ती एकदा वाजवून पाहिली आणि परत खोक्यात घातली.

"खजिनदार, माझ्या खिडकीत दिवसभर खऱ्या चिमण्या बसतात. चिमणी आली की माणूस आलं, हे मला कळायला नको का?"

म्हणून दुसरी आणली. वायरमन म्हणाला, "ताई, ही शाळेत लावतात हो."

"मग बरोबर आहे. उशिरा येणाऱ्यांना जरा धाक बसेल."

घंटा लागली ती कानामुळे. सगळी नोकरी डाव्या कानावर हेडफोन लावून केल्याने तो कान निकामी झाला होता, आणि दारावरची टकटक कधी ऐकू येई, कधी येत नसे. निवृत्त झाल्यावर आपल्याकडे लोक येतील, आणि आलेले माणूस ऐकू न आल्यामुळे परत जाईल, ही त्यांना काळजी होती. तसे त्या मला म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "गॅसवाला परत जातो."

ताई आमच्या कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर होत्या. मी बी. कॉम. होऊन हिशेब खात्यात चिकटलो तेव्हा त्या तिथे मुरलेल्या होत्या. तळमजल्यावर जिन्याखाली लाकडी पार्टिशनची खोली, तिच्यात बोर्ड, एक उंच फिरती खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर स्वेटर आणि ताई. कुठल्याही खात्यात कुणी फोन उचलला की बोर्डावर त्या नंबरचा बारीक दिवा लागे. ताई वायरची एक दोरी त्या दिव्याखालच्या भोकात खुपसून "बोला" म्हणत, ऐकत, जोडीची दुसरी दोरी हव्या त्या नंबरात खुपसत, "जोडते हं" म्हणत आणि मधून बाजूला होत. दिवसभर सगळी इमारत एकमेकांशी बोलत असे ती या दोऱ्यांवर. पण बोर्डाशी बोलायला म्हणून कुणी फोन उचलत नसे. लोक उचलत आणि म्हणत, "गोडाऊन द्या." फार तर, "गोडाऊन द्या हो ताई." बाहेरच्या व्यापाऱ्यांना त्यांचे नाव ठाऊक नव्हते, आवाज ठाऊक होता. त्यांनी ठेवलेले हॅलोताई हेच नाव पुढे सगळीकडे चालले.

ताईंनी लग्न केले नाही. आई बरीच वर्षे अंथरुणाला खिळलेली होती, तिचे करता करता वय निघून गेले, आणि आई गेल्यावर हातात एकदम इतका वेळ आला की काय करावे ते सुचेना. त्या वेळी त्यांनी आमच्या ख्रिस्ती मंडळीत काम सुरू केले.

रविवारी आम्ही एकाच मंडळीत जातो. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो; आमचे देऊळ म्हणजे मोटारींचे गॅरेज आणि छापखाना यांच्या मधली एक बैठी इमारत, आत बाकांच्या दोन रांगा. हिशेबाचा माणूस म्हणून तिथली तिजोरी माझ्याकडे आली. ताईंकडे कुठलेच पद नव्हते. त्यांच्याकडे दाराचा डावा खांब होता. आशीर्वाद होऊन लोक बाहेर पडू लागले की त्या खांबाशी उभ्या राहत आणि जाणाऱ्याची बाही हलकेच धरत.

"बुधवारी मोकळे आहात ना? मग कंपाउंडरकाकांकडे जरा जाऊन या. संध्याकाळचा डबा न्या. भात पातळ हवा, दात नाहीत त्यांना."

"तुझी परीक्षा संपली ना गं? मग त्या बाळंतिणीकडे जा, तिचं थोरलं पोर तासभर सांभाळ. तिला झोपू दे."

कागद नाही, पेन्सिल नाही. कोण आजारी, कुणाचा मुलगा बोलत नाही, कुणाच्या घरी कुत्रा आहे आणि कोण कुत्र्याला भितो, हे सगळे डोक्यात. आमच्या गायनमंडळात दोन जावा होत्या, घराच्या वाटणीवरून त्यांचे बोलणे तुटले होते. एक पहिल्या बाकावर बसे, दुसरी शेवटच्या. ताईंनी दोघींना एकाच दुपारी एकाच आजारी बाईकडे पाठवले. एकीला सांगितले डबा ने, दुसरीला सांगितले चादरी बदल. अंथरुणातल्या बाईला उचलून धरल्याशिवाय चादर निघत नाही, आणि ते एकटीला होत नाही. दोघींनी मिळून तिला उचलले. त्या दिवशी त्या किती बोलल्या देव जाणे, पण पुढल्या रविवारी शेवटच्या बाकावरची मधल्या बाकापर्यंत आली.

पाळकांनी याबद्दल ताईंचे कौतुक केले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी काय केलं? मी नंबर जोडते. बोलायचं त्यांनी."

दरवर्षी मंडळीच्या वाढदिवसाला पाळक एकच उपदेश थोडा फिरवून करीत. आपला पाया दगडाचा नाही, प्रेमाचा आहे, हा त्याचा सारांश. कंपाउंडरकाका तेव्हा हिंडतेफिरते होते. माझ्या शेजारी बसून ते दरवर्षी माझ्या कानात म्हणत, "म्हणून भिंतींना ओल येते होय."

हे कंपाउंडरकाका एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आयुष्यभर औषधे बांधून देत. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, पण मागची खोली डॉक्टरांच्या मुलाने त्यांना राहू दिली. बायको जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगी दुसऱ्या गावी दिलेली. पुढे गुडघ्यांनी संप केला, छातीत धाप भरू लागली आणि काका खोलीबाहेर पडेनासे झाले. मंडळीत सगळ्यांत जास्त भेटी त्यांच्याकडे होत. आलेल्याशी ते दर वेळी भांडत. भात कडक आहे, तू उशिरा आलास, पाळकांचा आवाज खिडकीतून इथवर येतो पण अर्थ येत नाही. पण आलेले माणूस उठू लागले की त्याची पिशवी हळूच आपल्या पायाशी ओढून घेत, म्हणजे ते आणखी पाच मिनिटे बसे.

ताई निवृत्त झाल्या. कंपनीने बोर्ड काढून तिथे आपोआप बोलणारे यंत्र बसवले. घरी त्यांना फोन होताच, आता दारावर घंटाही आली. आतल्या खोलीत स्वयंपाक, बाहेरच्या खोलीत पलंग, खिडकी, फोनचे स्टूल आणि दारासमोर एक रिकामी खुर्ची. खुर्ची येणाऱ्यासाठी. खुंटाळ्यावर दोन कप होते. त्यातला एक रोज वापरला जाई आणि दुसरा रोज नुसता पुसला जाई. मंडळीतल्या कुणालाही आजारी माणसाच्या घरचा रस्ता विचारा, सांगता आला असता. ताईंच्या घरचा जिना मात्र फार थोड्यांनी पाहिला होता. त्यांच्याकडे जायला त्यांनी कुणाला पाठवलेच नव्हते.

मग त्यांचा पाय मोडला. न्हाणीत घसरल्या, घोटा गेला. शेजारी शिवणकाम करणारी एक बाई राहते. तिने आवाज ऐकला, दवाखान्यात नेले, प्लास्टर घालून आणले. दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. शिवणवाली आमच्या मंडळीची नव्हे. पण सकाळी कामावर जाण्यापूर्वी ती चहा, पाणी, जेवण पलंगाशी ठेवून जाई, दार ओढून घेई, आणि संध्याकाळी आपल्या किल्लीने उघडून आत येई. मधला सगळा दिवस ताई आणि ती घंटा.

रविवारी पाळकांनी व्यासपीठावरून सांगितले, "आपल्या ताईंचा पाय मोडला आहे. त्यांची प्रार्थनेत आठवण करू या." आम्ही सगळ्यांनी मनापासून प्रार्थना केली. आशीर्वाद झाला, लोक बाहेर आले आणि दाराच्या डाव्या खांबाशी आपसूक रेंगाळले. तिथे कुणी नव्हते. थोडा वेळ हवापाण्याचे बोलून जो तो घरी गेला.

ताईंकडे कोण जाते आहे, हा प्रश्न कुणालाच पडला नाही असे नाही. सर्वांना पडला, आणि सर्वांनी त्याचे एकच उत्तर काढले, की ताईंनी कुणाला तरी लावून दिले असेलच. पाळकांना वाटले, महिलामंडळ जात असणार. महिलामंडळाला वाटले, गायनमंडळातल्या त्या दोन जावा. जावांना वाटले, पाळकबाई. मला वाटले तेही वेगळे नव्हते. दुसऱ्या कुठल्या मंडळीत इतकी शिस्तशीर चूक झाली नसती. जिथे कुणीच कुणाला पाठवत नाही, तिथे निदान एखादा तरी उठून गेला असता.

चारदोन फोन आले. "काही लागलं तर सांगा हं ताई." ताई म्हणाल्या, "हो, सांगेन की."

शिवणवालीने हे ऐकले. ती स्पष्ट बोलणारी आहे. "मग सांगा ना. एवढे नंबर तोंडपाठ आहेत तुम्हाला. फोन हाताशी आहे. दोघातिघांना म्हणा, दुपारचे येऊन बसा म्हणून."

"नाही गं."

"का? लाज वाटते?"

"लाज कसली. इतकी वर्षं मीच सांगत आले. एकदा न सांगता कोण येतं ते बघायचंय."

"आणि नाही आलं कोणी तर?"

ताईंनी पाण्याचा पेला जवळ सरकवून घेतला. शिवणवालीनेच हे मला नंतर सांगितले. ती म्हणाली, "तेव्हा मला कळलं, पाय दुखतोय ते वेगळं आणि हे वेगळं."

त्यांना खरेच कळून घ्यायचे होते. दाराशी उभे राहून आपण इतकी वर्षे जे केले त्याला सगळे प्रेम म्हणत आले. पण आपण नसताना ते उरते की नाही? की ती नुसती जोडणी होती, आणि दोरी काढली की दोन्हीकडे गप्प? पडल्या पडल्या दुसरे काही करण्यासारखे नव्हते, त्यामुळे हाच विचार पुन्हा पुन्हा येई.

घंटा वाजत होती. एकदा मीटर बघणारा आला. ताईंनी पलंगावरून विचारले, "कोण?" तो म्हणाला, "मीटर." ताई म्हणाल्या, "मीटर बाहेरच आहे, पण बसा ना थोडं." त्याला बंद दाराबाहेर कुठे बसायचे ते कळेना, तो निघून गेला. एकदा झाडू विकणारी आली. एकदा कुणी चुकून खालच्या कुलुपांच्या दुकानाची पार्सले वर आणली. दर वेळी घंटा वाजली की ताई उशी पाठीशी घेऊन केस नीट करीत. त्या शाळेच्या घंटेचा आवाज मोठा होता, आणि त्यानंतरची शांतता आणखी मोठी वाटे, असे त्या एकदा म्हणाल्या.

असे दोन रविवार गेले. तिसरा यायच्या आधी, भर दुपारी, घंटा वाजली. एकदा नाही, कुणी बटणावर अंगठा दाबून धरावा तशी वाजत राहिली.

"कोण आहे?"

बाहेरून आधी नुसता श्वास आला. मग खोकला. मग, "मी. दुसरं कोण मरायला येतंय इतके जिने चढून."

कंपाउंडरकाका. जे स्वतःच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येत नव्हते, ते. रिक्षा करून आले होते, आणि जिना एकेका पायरीवर बसत बसत चढले होते. पुढे जे झाले ते मला दोघांनी वेगवेगळे सांगितले आहे, आणि दोघांच्या सांगण्यात फरक फार थोडा आहे.

"काका, दार ओढलेलं आहे. मला उठता येत नाही. किल्ली शेजारणीकडे, ती संध्याकाळी येते."

"म्हणजे मी इतका आलो तो दार बघायला?"

"बसा ना. पायरीवर बसा."

"बसलोयच. उठता येईल कुणाला?"

ताईंनी पलंगाची कड धरून स्वतःला दाराच्या बाजूला ओढले, उजवा कान दाराकडे केला. मधे फक्त फळी.

"तुम्हाला कुणी पाठवलं, काका?"

"मला कोण पाठवतंय? माझ्याकडेच पाठवायचं कुणी उरलं नाही. बुधवारी डबा नाही. शुक्रवारी ते गॅरेजचं पोरगं नाही. पुढल्या बुधवारी पुन्हा नाही. मी म्हटलं, एक दिवस माणूस विसरतो. सगळी मंडळी एकदम कशी विसरेल? सगळी एकदम विसरली म्हणजे आठवण करणारीलाच काहीतरी झालंय. डॉक्टरांच्या पोराला विचारलं, तर म्हणे हॅलोताईंचा पाय मोडला, पंधरा दिवस झाले. मला कुणी सांगितलं नाही. सांगायला आलं असतं कोण?"

 ताईंना तोवर हे सुचलेच नव्हते, की आपण फोन उचलला नाही म्हणजे फक्त आपलेच दार गप्प राहिले असे नाही. बाळंतीण, चादरवाली बाई, काका, सगळ्यांची दारे गप्प राहिली.

"तुझ्याकडे रोज रांग लागली असेल," काका म्हणाले.

"कुणी आलं नाही."

"काय?"

"कुणी नाही आलं, काका. मी सांगितलं नव्हतं ना कुणाला. म्हटलं, न सांगता कोण येतं ते बघू."

बाहेरून धाप ऐकू येत होती. ताईंना वाटले, आता हे म्हणतील, लोक असेच असतात. त्याचीच त्यांना भीती होती.

"म्हणजे तू परीक्षा घेत होतीस," काका म्हणाले. "आणि मी तिकडे उपाशी."

"उपाशी राहिलात?"

"बिस्किटं खाल्ली. दात नसलेल्या माणसानं बिस्किटं कशी खायची ते तुला दाखवीन कधीतरी. पाण्यात बुडवायची आणि देवाचं नाव घ्यायचं." मग म्हणाले, "पाया आहे की नाही हे बघायला कुणी राहतं घर खणत नाही, बाई. त्यात माणसं झोपलेली असतात."

ताई रडल्या. हे त्यांनी मला सांगितले नाही, काकांनी सांगितले. फळीतून ऐकू येते.

"काका, तुम्ही भांडायला आलात का मला बघायला आलात?"

"मला काय ठाऊक? घरून निघालो तेव्हा चिडलेलो होतो. मधल्या पायरीवर घाबरलो, की ही मेली तर नसेल? आता पुन्हा चिडलोय. तू औषधं बांधली नाहीस कधी, म्हणून विचारतेस. एका पुडीत दोन पावडरी टाकल्या की नंतर निवडता येत नाहीत. आणि निवडायच्याही नसतात, दोन्ही मिळूनच लागू पडतात."

मग ते दोघे संध्याकाळपर्यंत बोलत बसले. काय बोलले याचा तपशील दोघांनीही दिला नाही. एवढेच कळते की काकांनी आपल्या बायकोबद्दल सांगितले, ताईंनी आईबद्दल, आणि मधून काका झोपले तेव्हा ताई त्यांचा घोरण्याचा आवाज ऐकत पडून राहिल्या. इतक्या वर्षांत दोन माणसांना जोडून दिल्यावर त्या मधून बाजूला झाल्या नाहीत, असे पहिल्यांदाच घडले, कारण दुसरे माणूस त्या स्वतःच होत्या.

शिवणवाली आली तेव्हा तिला दारात एक म्हातारा पायरीला टेकून झोपलेला दिसला. तिने दार उघडले, त्यांना आत नेऊन त्या रिकाम्या खुर्चीवर बसवले. खुंटाळ्यावरचा दुसरा कप त्या दिवशी खाली आला. चहा पाहून काका म्हणाले, "पाणचट आहे," आणि दोन कप प्यायले.

जाताना अडचण निघाली. रिक्षावाल्याने येताना ठरल्यापेक्षा जास्त घेतले होते, काकांच्या खिशात परतीचे भाडे नव्हते. ताईंनी उशीखालच्या पाकिटातून चाळीस रुपये काढून दिले.

"उधार आहेत," काका म्हणाले. "मी स्वतः आणून देईन."

"राहू द्या हो."

"राहू द्या काय? मी काय भेटीतलं आजारी माणूस आहे का आता? मीच भेटायला आलोय. उधार म्हणजे उधार."

त्याच संध्याकाळी ताईंनी फोन जवळ ओढला आणि पाठ असलेले सगळे नंबर एकामागून एक फिरवले. "बुधवारी मोकळे आहात ना? कंपाउंडरकाकांकडे जा. भात पातळ. आणि थोडा जास्त न्या." माझाही नंबर फिरवला. मी विचारले, "ताई, तुमच्याकडे कोण येतंय?" तेव्हा सगळा प्रकार कळला, आणि मी तो पाळकांच्या कानावर घातला.

त्या रविवारी पाळकांनी उपदेश बाजूला ठेवला आणि खालच्या मानेने दोन वाक्ये बोलले. दुपारी अर्धी मंडळी ताईंच्या जिन्यावर होती. पाळकबाई होत्या, गॅरेजचा पोरगा होता, दोन्ही जावा एकाच रिक्षातून आल्या होत्या. घंटा वाजायची थांबेना, तेव्हा खालच्या कुलूपवाल्याने वर येऊन विचारले, शाळा सुटली का भरली? ताई सगळ्यांशी हसून बोलल्या. पाळकांनी माफी मागितली तर म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं? तुम्हाला वाटलं मी सांगितलं असेल. मीही तेच शिकवलं होतं ना तुम्हाला इतकी वर्षं." लोक गेल्यावर मी कप विसळू लागलो, तेव्हा त्या खिडकीकडे बघत होत्या.

"बरं वाटलं ना, ताई?"

"वाटलं रे. सगळे चांगलेच आहेत." मग म्हणाल्या, "पण हे सगळे तू सांगितल्यावर आले."

पाय बरा झाला. ताई पुन्हा खांबाशी उभ्या राहू लागल्या, आता हातात काठी घेऊन. काकांकडे मात्र त्या कुणाला न सांगता स्वतःच जात, दर शनिवारी. चाळीस रुपये काका त्यांना तिथे देत नसत. "तू आलीयस तेव्हा कशाला देऊ? मी येईन तेव्हा देईन," हे ठरलेले. ताईही मागत नसत.

पण काका पुन्हा तो जिना चढले नाहीत. डॉक्टरांच्या मुलाने ती जागा विकायला काढली, आणि काकांची मुलगी येऊन त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. ताईंना हे कळले तेव्हा ते गाडीत बसलेही होते. तरीही शनिवारी त्या गेल्या, तर खोलीला बाहेरून कुलूप. त्यांनी कुलूप दोनदा ओढून पाहिले, असे समोरचा पानवाला सांगत होता.

मागच्या हिवाळ्यात ऑफिसच्या शाखेच्या हिशेबासाठी मला त्या गावी जावे लागले. नोकरीतला माझा बहुधा शेवटचा दौरा. मुद्दाम वाट वाकडी करून काकांना भेटलो. मुलीचे घर नीटनेटके, जावई सज्जन, सगळे वेळच्या वेळी. काका चाकांच्या खुर्चीत उन्हात बसले होते. भात कडक असतो, अशी तक्रार त्यांनी केली नाही. मला ते बरे वाटले नाही.

"इथं मंडळी मोठी आहे," ते म्हणाले. "छापील पत्रकावर माझं नाव आहे. आजाऱ्यांत. दर आठवड्याला कुणीतरी येतं, घड्याळ बघतं, प्रार्थना करतं आणि जातं. चांगली माणसं आहेत." मग विचारले, "हॅलोताई कशी आहे?"

"बऱ्या आहेत. काठी घेतात."

"तिचे पैसे द्यायचेत मला."

"माझ्याकडे द्या. मी पोचवतो."

"तुझ्याकडे?" त्यांनी माझ्याकडे बँकेतल्या नवख्या कारकुनाकडे बघावे तसे पाहिले. "मी म्हटलंय स्वतः आणून देईन म्हणून."

निघताना मी पिशवी शोधू लागलो. ती त्यांच्या खुर्चीच्या चाकाखाली सापडली. मी आणखी थोडा वेळ बसलो.

परत आल्यावर ताईंना सगळे सांगितले. त्यांनी मधे मधे विचारले, जेवतात का, झोप लागते का, उन्हात बसवतात का. चाकांच्या खुर्चीचे मी जरा हळूच सांगितले.

"पैशांचं काही म्हणाले?"

"स्वतः आणून देणार म्हणाले."

ताई उठल्या, खुंटाळ्यावरचा कप काढून पुसला आणि परत लावला. मग म्हणाल्या, "खजिनदार, तुझा तो वायरमन आहे ना, त्याला सांग. अजून एक बटण हवंय मला. खाली, जिन्याच्या तोंडाशी, रस्त्याच्या बाजूला. चाकांच्या खुर्चीतून हात पोचेल इतक्या उंचीवर."

"ताई, त्यांना प्रवास झेपणार नाही आता. मुलगी सोडणारही नाही."

"ते मला कळतं. मला कळत नाही असं समजू नकोस." त्यांनी पदर सारखा केला. "पण आले, तर जिना कसा चढतील? खालूनच वाजवू देत. मी उतरेन."

वायरमनने खुर्चीवर बसून हात लांब करून दाखवला, भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि तिथे बटण बसवले. वायर जास्त लागली. त्याचे पैसे ताईंनी त्याच दिवशी दिले. खालचा कुलूपवाला म्हणतो, येणारेजाणारे ते बटण उगाच दाबतात, आणि ताई प्रत्येक वेळी काठी टेकत खाली येतात.

कंपाउंडरकाकांकडून ताईंना चाळीस रुपये अजून येणे आहेत.